इम्पीडन्सचे यंत्र, ५० हर्ट्झ आणि दादरची कोठी

जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत हा पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे धातूला ठरावीक विभव (व्होल्टेज) देऊन प्रवाह आणि वेगवेगळ्या वारंवारितांना त्या प्रवाहाला होणारा विरोध (इम्पीडन्स) मोजणारे यंत्र, पावसाळ्यात आला, आणि खानदेशचा उन्हाळा पार पडल्याखेरीज त्याविषयी काही लिहायचे नाही असे मी ठरवले होते. आमचे काम ३०४ आणि ३१६एल या स्टेनलेस पोलादांवरच्या, गंजापासून वाचवणाऱ्या निष्क्रिय थराचे, म्हणजे क्रोमियम ऑक्साईडने समृद्ध अशा जेमतेम १ ते ३ नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्याचे आहे.

तक्रार एकच, पण जुनी. विजेच्या लाइनचा ५० हर्ट्झचा गोंगाट तारांतून आत शिरतो. त्या वारंवारितेजवळचे बिंदू आलेखावर भरकटलेले निदान दिसतात तरी. खरा घात मोजणीच्या सर्वांत खालच्या, १० मिलिहर्ट्झच्या टोकाला होतो. थराचा कॅपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) १० मायक्रोफॅरड आणि संकेत १० मिलिव्होल्टचा असेल, तर तिथे प्रवाह उरतो जेमतेम ६ नॅनोअँपिअर. एवढे सूक्ष्म मोजायला यंत्र संवेदनशील पल्ला निवडते आणि लाइनच्या गोंगाटानेच ओव्हरलोड होते. कंपनीच्या अभियंत्याने "तुमचे अर्थिंग खराब आहे" एवढे सांगून फॅरेडे पिंजऱ्याचे (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या खोक्याचे) दरपत्रक पुढे केले. ती रक्कम वाचून मी घरची, दादर (रब्बी ज्वारी) साठवायची जुनी पत्र्याची कोठी उचलून आणली, एका जागी गंज खरवडून तिला यंत्राच्या ग्राउंडशी जोडले आणि सेल आत ठेवला. गोंगाट इतका उतरला की दरपत्रकाला उत्तर देण्याची गरजच उरली नाही. वीज गेल्यावर मात्र स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीमुळे १५० आणि २५० हर्ट्झलाही बिंदू हलतात, म्हणून लांब मोजण्या मी रात्रीच लावतो.

पहिले काही महिने मला सॉफ्टवेअरची 'थराची जाडी' ही सोय फार आवडली होती. आता तसे म्हणवत नाही. ती स्थिर-कला घटकाचा (आदर्श नसलेल्या कॅपॅसिटरच्या गणिती प्रतिरूपाचा) गुणांक थेट कॅपॅसिटन्स समजून सूत्रात घालते, आणि घातांक १ पेक्षा कमी असेल तर त्या गुणांकाचे एककच फॅरड नसते. १९८४ चे ब्रग यांचे सूत्र वापरून मी त्या गुणांकावरून कॅपॅसिटन्स हाताने काढतो. तरीही १० मायक्रोफॅरड प्रति चौरस सेंटिमीटरला थराचा परावैद्युतांक (डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट) १५.६ धरला तर जाडी १.४ नॅनोमीटर येते, १२ धरला तर १.१. त्यामुळे निरपेक्ष आकड्यावर विसंबण्याऐवजी विभव बदलताना थर किती वाढला, हीच तुलना मी विश्वासाने नोंदवतो. क्रेमर्स-क्रोनिग चाचणी, म्हणजे मोजणी चालू असताना नमुना स्थिर होता का याची गणिती पडताळणी, मात्र फुकटात मिळालेली खरी चांगली गोष्ट आहे. वैशाखात खोलीचे तापमान चढत असताना घेतलेल्या मोजणीत खालच्या वारंवारितेचे बिंदू या चाचणीत नापास होतात, आणि ती माहिती सुंदर दिसणाऱ्या आलेखापेक्षा उपयोगाची ठरते.

यंत्र विकत घेण्याजोगे आहे. वार्षिक देखभालीचा करार मी पुन्हा करणार नाही, कारण अर्थिंग तपासायला येणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च त्यात धरलेला नसतो.