जाड स्लाइसचे जुने स्कॅन आणि सिंथसेग: काही महिन्यांच्या वापरानंतर

एमआरआयमधून हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस, व्हेंट्रिकल्स असे मेंदूचे भाग वेगळे काढायचे आणि त्यांचं आकारमान मोजायचं, हे काम आम्ही गेले काही महिने सिंथसेग या सॉफ्टवेअरवर करतोय. ते मोफत आहे आणि फ्रीसर्फर या मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्यांसोबतच येतं. आधी फ्रीसर्फरची पूर्ण प्रक्रिया चालवायचो, तेव्हा एकेका मेंदूला कित्येक तास लागायचे. आता ग्राफिक्स कार्ड नसलं तरी काही मिनिटांत आकडे मिळतात. पण नुसत्या वेगासाठी ते घेऊ नका, वेग फास्टसर्फर या दुसऱ्या साधनातही आहे.

आम्हाला ते हवं होतं जुन्या स्कॅनसाठी. संशोधनासाठी मुद्दाम काढलेला टी१ स्कॅन तिन्ही दिशांनी १ मिमीचा असतो (टी१, टी२, फ्लेअर हे एमआरआयचे प्रकार; प्रत्येकात मेंदूचे भाग वेगळ्या उजळतेचे दिसतात). रुग्णांच्या रोजच्या तपासणीतले स्कॅन मात्र बरेचदा ५ मिमी जाडीच्या स्लाइसचे, त्यात कधी टी२ तर कधी फक्त फ्लेअर. वर्षानुवर्षं साठलेला हा खजिना मोजमापाच्या दृष्टीने बिनकामाचा समजला जायचा. सिंथसेग तो वाचतं, आणि बहुतेक वेळा चांगलं वाचतं. याचं श्रेय त्याच्या प्रशिक्षणाला. त्यातल्या यू-नेट या न्यूरल नेटवर्कला खरे एमआरआय दाखवलेच नव्हते. मेंदूच्या भागांचे नकाशे घेऊन प्रत्येक भागाला वाटेल ती उजळता द्यायची, आकार वाकवायचा, चित्र धूसर आणि जाड करायचं, आणि अशा कृत्रिम चित्रांवर त्याला शिकवायचं. त्यामुळे ग्रे मॅटर गडद दिसतं की उजळ, यावर ते अडून बसत नाही. ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

धोकाही इथेच आहे. स्कॅन ५ मिमीचा असला तरी उत्तर १ मिमीचंच येतं, गुळगुळीत आणि देखणं. दोन स्लाइसच्या मधलं बरंचसं नेटवर्कने अंदाजाने भरलेलं असतं, पण चित्र पाहून ते कळत नाही. आता हिशेब करा. प्रौढ माणसाचा एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण ३ ते ४ घन सेंमीचा. उतारवयात निरोगी माणसातही तो वर्षाला सुमारे दीड टक्का आकसतो, म्हणजे जेमतेम ५० घन मिमी. अल्झायमरमध्ये हा वेग साधारण तिप्पट. एवढा फरक एका माणसात पकडायचा असेल, तर मागच्या वर्षीचा जाड फ्लेअर आणि यंदाचा बारीक टी१ शेजारी ठेवून ‘आकसला’ असं म्हणता येणार नाही. स्कॅनचा प्रकार बदलल्यानेही आकडा तेवढा हलू शकतो. आम्ही एका व्यक्तीची तुलना एकाच मशीनवरच्या, एकाच प्रकारच्या स्कॅनमध्येच करतो. मोठ्या गटांची सरासरी काढताना मात्र हे साधन खरंच कामाला येतं.

दुसरी मर्यादा विकृतीची. त्याच्या यादीत गाठ किंवा व्हाइट मॅटरमधले डाग असं काही नाहीच. जे दिसेल ते त्याला कुठल्या ना कुठल्या निरोगी भागात बसवावं लागतं. डागांसाठी त्याच परिवारात वेगळं साधन निघालंय. गाठींसाठी एनएन-यू-नेटसारखं, गाठींवरच शिकवलेलं मॉडेल घ्यावं.

वापरताना एक गोष्ट गोंधळात टाकते. आकारमानाच्या तक्त्यातला आकडा आणि रंगवलेल्या चित्रातले व्होक्सेल (चित्र ज्या छोट्या ठोकळ्यांचं बनतं ते) मोजून आलेला आकडा जुळत नाहीत. यात बिघाड काही नाही. तक्त्यात प्रत्येक व्होक्सेल त्या भागाचा असण्याची संभाव्यता धरलेली असते, म्हणून आम्ही तोच वापरतो. कवटीच्या आतलं एकूण आकारमानही त्यात मिळतं. डोक्याचा आकार हिशेबात घ्यायला ते लागतंच.

आणि गुणवत्तेच्या गुणांची फाइल पहिल्या दिवसापासून काढा, ती मागितल्याशिवाय मिळत नाही. भागागणिक ० ते १ असे गुण येतात. कमी गुणांचे स्कॅन आम्ही एकेक करून उघडून पाहतो. चांगल्या गुणांचेही थोडे, चिठ्ठ्या टाकून निवडलेले.