फायनलवर वळताना बँक 30 अंश की 45 अंश?

उतरताना बेस लेगवरून (धावपट्टीला काटकोनात असलेल्या टप्प्यावरून) फायनलवर (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) वळताना विमान धावपट्टीच्या मध्यरेषेपलीकडे जाणार असे दिसू लागले, की बँक, म्हणजे विमानाचा बाजूला असलेला कल, वाढवण्याचा मोह होतो. बारामती किंवा गोंदियाला लहान विमानावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हा निर्णय जमिनीवर असतानाच घेऊन ठेवावा, कारण त्या कमी उंचीवर विचाराला सवड नसते.

विमान कलले की लिफ्टचा (पंखांच्या उचलून धरणाऱ्या बलाचा) काही भाग आडवा होतो आणि तोच विमानाला वळवतो. मात्र वजन पेलणारा उभा भाग कमी पडू नये म्हणून योक (वैमानिकाच्या हातातले सुकाणू) मागे ओढून एकूण लिफ्ट वाढवावी लागते. पंखांवरील भार त्यामुळे 30 अंशांना वजनाच्या 1.15 पट, 45 अंशांना 1.41 पट आणि 60 अंशांना थेट दुप्पट होतो, तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांची लिफ्ट एकदम ढासळते तो वेग, या भाराच्या वर्गमुळाच्या पटीत चढतो.

समजा, वळणात वेग 65 नॉट (ताशी सागरी मैल) आहे आणि सरळ उड्डाणात विमान 50 नॉटला स्टॉल होते. 30 अंशांच्या बँकेत ते सुमारे 54 नॉटला स्टॉल होईल, म्हणजे हाताशी 11 नॉट राहतात. 45 अंशांना ही मर्यादा साडेएकोणसाठवर जाते आणि हाताशी जेमतेम साडेपाच नॉट उरतात, जे वाऱ्याच्या एका झोतात संपू शकतात. या बदल्यात वळणाची त्रिज्या सुमारे 197 मीटरवरून 114 मीटरवर येते. ऐंशी-पंच्याऐंशी मीटरसाठी निम्मी सुरक्षितता देणे मला मुळीच पटत नाही. बँक न वाढवता नाक रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) आत ढकलणे तर त्याहून घातक, कारण अशा घसरत्या वळणातला स्टॉल स्पिनमध्ये (गिरक्या घेत कोसळण्यात) जातो आणि सावरण्याइतकी उंची तिथे नसते.

45 अंशांचे वळण शिकायलाच हवे, पण ते भरपूर उंचीवर आणि जास्त वेगाने. त्यात लिफ्टमुळे होणारा हवेचा रोध त्याच वेगाच्या सरळ उड्डाणापेक्षा दुप्पट होत असल्याने पॉवरही वाढवावी लागते.

सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) मात्र 30 अंश ही कमाल मर्यादा धरावी आणि तेवढ्यात रेषा साधत नसेल तर गो-अराउंड करावे, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जावे. पुढच्या फेरीत आधी वेग तपासावा, कारण त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते आणि 65 ऐवजी 75 नॉट असतील तर त्याच 30 अंशांत ती 263 मीटर होते. बेसवर वारा पाठीमागून असेल तर वळण थोडे आधी सुरू करावे.