घरातून शेंगदाणा हद्दपार, की त्याच्यासाठी वेगळं कपाट?

धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी, मोठीला कसलीच नाही. अशा घरात सुरुवातीची धावपळ ओसरली की एक प्रश्न उरतोच: शेंगदाणा घरातून पूर्ण काढून टाकायचा, की ज्यांना चालतो त्यांच्यासाठी ठेवून बाकीच्यांना शिस्त लावायची? आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे. तीव्र रिॲक्शन आली तर द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन कुठे असावं, शाळेला काय लिहून द्यावं, हे दोन्हीकडे सारखंच, म्हणून त्यात शिरत नाही.

आधी वेगळ्या कपाटाबद्दल, कारण पालक घाबरलेले असतात तेव्हा या पर्यायाचा नीट विचारच होत नाही. शेंगदाण्याचा नुसता वास आला तरी मूल कोसळेल अशी धास्ती आम्हालाही होती. पण 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीव्र ॲलर्जी असलेल्या 30 मुलांना पीनट बटरचा वास दिला, ते त्वचेलाही लावलं. काहींची त्वचा तिथल्या तिथे लाल झाली, खाज सुटली, पण कुणालाही अंगभर पसरणारी रिॲक्शन आली नाही. खरा धोका पोटात जाण्याचा. तेव्हा बरणी कपाटात बंद असेल, तिचा चमचा वेगळा असेल, खाणं एकाच टेबलावर होत असेल, तर ही व्यवस्था चालू शकते. शिवाय मोठीवर अन्याय होत नाही आणि धाकट्याला विचारून खायची सवय घरातच लागते. बाहेरचं जग काही त्याच्यासाठी शेंगदाणा सोडणार नाही, हा मुद्दाही खराच.

चमच्यांचे रंग, भांडी घासायचा वेगळा स्पंज, सोफ्यावर खायचं नाही, हे सगळं आमच्याकडे लवकर अंगवळणी पडलं. त्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

मला जे सहन होईना ते वेगळंच होतं. ‘हात धुतलेस का?’ हा प्रश्न.

लहान मुलांच्या घरात हात कुठे कुठे लागतात ते सांगायला नको. रिमोट, खेळणी, दाराची कडी, आणि सगळ्यात जास्त एकमेकांना. मोठीने काही खाल्लं की ती धाकट्याकडे वळायच्या आत आमच्यापैकी कुणीतरी हा प्रश्न टाकायचं. उत्तर ‘हो’ आलं की पुढचा प्रश्न, साबणाने का? कारण तिथेच गोम आहे. ॲलर्जी होते ती शेंगदाण्यातल्या प्रथिनाची, आणि हातांवर राहणाऱ्या या प्रथिनावर 2004 मध्ये एक अभ्यास झाला होता. साबणाने किंवा ओल्या वाइप्सने ते निघून जातं, नुसत्या पाण्याने काही वेळा राहतं, आणि सॅनिटायझर लावलेल्या 12 पैकी 6 हातांवर ते तसंच सापडलं. सॅनिटायझर जंतू मारतं, प्रथिन पुसून काढत नाही. हे एकदा वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. मोठीला मात्र सॅनिटायझर सोयीचं वाटायचं. दोन थेंब चोळले की झालं.

लाळेचाही प्रश्न होताच. शेंगदाणा खाल्ल्यावर काही वेळ तो तोंडात राहतो. काही तास जाऊ देणं आणि मध्ये दुसरं जेवण होणं हा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय, नुसती चूळ पुरत नाही. म्हणजे बहिणीने भावाचा पापा घ्यायचा तर आधी घड्याळ बघायचं.

यातून जे झालं ते कुठल्या अभ्यासात मोजलेलं नसेल. मोठी लपून खाऊ लागली. हट्ट म्हणून नव्हे, चौकशी टळावी म्हणून. दप्तरात वेष्टनं सापडू लागली, खोलीचं दार लावून घेतलं जाऊ लागलं. वेगळ्या कपाटाची सगळी पद्धत खरं बोलण्यावर उभी आहे, आणि आम्ही रोज प्रश्न विचारून विचारून खोटं बोलणं तिच्या सोयीचं करून ठेवलं होतं. उघड्यावर खाल्लेल्या शेंगदाण्याची मला तेवढी भीती नव्हती, चोरून खाल्लेल्याची होती. प्रत्येक घरात असंच होईल असं मी म्हणणार नाही. एखादं मूल मुळातच काटेकोर असतं. आमचं नाही.

मग शेंगदाणा घराबाहेर काढला. मोठी आता तो मैत्रिणींकडे खाते, घरात आली की सरळ बेसिनकडे जाते. रोज तासातासाला होणारी चौकशी दारातल्या एका सवयीवर आली. मला विचाराल तर एवढ्यानेच पारडं झुकलं.

या पद्धतीतही खोड आहे, आणि ती छोटी नाही. घर शेंगदाणामुक्त आहे म्हटलं की सगळे सैल पडतात. पाहुण्यांनी आणलेला खाऊ कुणी न वाचता उघडतं. पाकिटावरची ‘अंश असू शकतो’ ही सूचना अनेक देशांत कंपनीच्या मर्जीवर असते, म्हणजे ती नसली तरी खात्री होत नाही. शिवाय मूल घरात कधीच ‘यात काय आहे?’ असं विचारत नाही, मग बाहेरही विसरतं. म्हणून घरात काहीही उघडायचं तर धाकट्याने आधी पाकिटावरचे घटक मोठ्याने वाचून दाखवायचे, असा नियम ठेवला आहे. अडखळत वाचतो, बाकीचे भुकेने ताटकळतात, पण वाचतो.

आमचा अनुभव एकाच पदार्थाचा आहे, हेही सांगायला हवं. दूध, अंडं किंवा गहू असेल तर सगळं घर रिकामं करणं बऱ्याच जणांना झेपणार नाही, आणि दोन-तीन ॲलर्जी एकत्र असतील तर वेगळं कपाट हाच व्यवहार्य मार्ग ठरेल. दूध-अंड्याच्या ॲलर्जीतून बहुतेक मुलं वयाबरोबर बाहेर पडतात, त्यामुळे ती शिस्त जन्मभराची असेलच असं नाही. शेंगदाण्यात असं साधारण पाचातल्या एकाचंच होतं.

घरात तान्हं बाळ असेल किंवा येणार असेल, तर मात्र माझा सल्ला बाजूला ठेवा. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाज सुटणारा विकार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 4 ते 11 महिन्यांच्या 640 बाळांपैकी ज्यांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, त्यांच्यात पुढे त्याची ॲलर्जी खूपच कमी दिसली. उलट खाण्यातून काहीच नाही आणि घरातल्या धुळीतून फक्त त्वचेला लागतोय, ही स्थिती बाळासाठी वाईट असावी असं आता बरेच तज्ज्ञ मानतात. तेव्हा धाकट्यासाठी शेंगदाणा बाहेर आणि बाळासाठी आत, अशी ओढाताण होणार. तिथे बाळाला कधी, किती आणि कुठे भरवायचं हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, आणि कपाट पुन्हा लावायची तयारी ठेवा.

आमचं कपाटही कायमचं गेलेलं नाही. धाकटा समोर आलेला पदार्थ न लाजता नाकारू शकेल इतका मोठा झाला की पुन्हा विचार करू, असं ठरलंय. वरच्या कप्प्यावर मोठीने आत्ताच हक्क सांगून ठेवलाय.