ग्राउलर परीक्षण: नवी मुंबईच्या टॅपवरची बिअर घोडबंदरला पोचेपर्यंत

टॅपवरची ताजी बिअर बाटलीत भरून घरी न्यायची मुभा महाराष्ट्रातल्या मायक्रोब्रुअरींना २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत मिळाली आणि अशा बाटलीसाठी ग्राउलर हा शब्द इकडे रुळला. बाटली घेताना बहुतेक जण आकार आणि देखणेपणा बघतात. बघायला हवं ते झाकण, भिंत आणि ती कशी भरली जाते. इथे तीन प्रकार घेतले आहेत: एक लिटरची तपकिरी काचेची, तारेच्या खटक्याचं झाकण असलेली, एक लिटरची तपकिरी प्लॅस्टिकची, आट्यांच्या झाकणाची, आणि दोन लिटरची, दुहेरी भिंतीची स्टीलची. कसोटी इथल्या रोजच्या प्रवासाची आहे. ठाणे-बेलापूर रोडने ऐरोली, दिघा, कळवा करत ठाण्यात शिरायचं, मग संध्याकाळच्या गर्दीत घोडबंदर रोड. सव्वा ते दीड तास धरा, आणि त्यापुढे फ्रिजमध्ये एक रात्र.

निकाल आधीच सांगतो. प्लॅस्टिकची बाटली जितकी बदनाम आहे तितकी वाईट नाही. काचेची जितकी रुबाबदार दिसते तितकी आपल्या हवेत कामाची नाही. स्टीलची सगळ्यांत चांगली, पण ती गरमच पुढे केली तर तिच्यावर खर्च केलेला पैसा वाया.

कारण दाबात आहे. साधारण बिअरमध्ये दर लिटरला अडीच लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ४ अंशांवर तो गॅस पाण्यात धरून ठेवायला जेवढा दाब लागतो, त्याच्या दुपटीहून जास्त ३० अंशांवर लागतो. मे महिन्यात थंड डब्यात न ठेवलेली काचेची बाटली गाडीत तासभर राहिली तर आतली बिअर सहज आठ-दहा अंशांनी तापते. गॅस सुटतो, वरच्या मोकळ्या जागेत जमतो, झाकणाच्या रबराला जरा चीर असेल तर निसटतो. घरी उघडल्यावर फेसाचा डोंगर आणि खाली बेचव पाणी, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. काचेची बाटली काठोकाठ भरून तापू दिली तर ती फुटूही शकते. मानेत तीन-चार बोटं जागा सोडायलाच हवी. प्लॅस्टिक फुटत नाही, फुगतं. स्टीलमध्ये याच तासाभरात तापमान एखाद-दोन अंशच चढतं.

काच किंवा प्लॅस्टिक असेल तर थर्माकोलचा डबा आणि दोन जेल पॅक पुरेसे आहेत. बाटली उभी ठेवा, आडवी नाही. आडवी पडली की हवेशी भिडणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. डिकीत ठेवलीत तर डबा हवाच, कारण उन्हात उभ्या गाडीची डिकी तव्यासारखी तापते. प्रकाशाचंही भान ठेवा. सूर्यप्रकाशात हॉप्समधले, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले, कडू घटक तुटून कुजकट, प्राण्यासारखा वास तयार होतो आणि त्याला फार वेळ लागत नाही. तपकिरी काच हे बऱ्यापैकी अडवते. पारदर्शक काचेची बाटली कितीही सुंदर असली तरी घेऊ नका.

आता भरण्याबद्दल, कारण बिअरचं आयुष्य इथेच ठरतं. टॅपचं तोंड बाटलीच्या मानेत धरून वरून धार सोडणारा माणूस दिसला तर थांबवा. धार वरून पडली की फेस होतो, गॅस जातो आणि प्राणवायू मिसळतो. टॅपला लांब नळी लावून ती तळापर्यंत न्यायची, आधी बाटलीत कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर ढकलायची, मग तळातून हळूहळू भरायचं. शेवटी मानेत सोडलेली जागा फेसाने भरली की त्या फेसावरच झाकण लावायचं, म्हणजे झाकणाखाली हवा उरत नाही. अशी भरलेली बिअर २४ ते ४८ तास चांगली राहते. काही ठिकाणी दाबाखाली भरणारं यंत्र असतं, ज्यात बाटली आधी गॅसच्या दाबाने भरतात आणि मग बिअर आत येते. तशी भरलेली आठवडाभर तग धरते. कोणत्या पद्धतीने भरता हे काउंटरवर सरळ विचारावं. उत्तर देता येत नसेल तर ती बिअर तिथेच बसून प्यायलेली बरी.

स्टीलची बाटली इथेच दगा देते. खोलीच्या तापमानाची स्टीलची बाटली पुढे केली की थंड बिअर गरम धातूला लागते, निम्मा फेस होतो, आणि भरणारा तो ओतून देऊन पुन्हा भरतो. अशात अर्धा गॅस गेलेली बिअर घरी येते. दुहेरी भिंत बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तशीच आतल्या भिंतीतली उष्णताही बाहेर सोडत नाही. म्हणून रात्रभर झाकण उघडं ठेवून फ्रिजमध्ये ठेवा, किंवा निघण्याआधी पंधरा मिनिटं बर्फाचं पाणी भरून ठेवा. छोट्या गॅस-काडतुसाचं झाकण असलेल्या बाटल्या मिळतात. त्यांचा दाब ८ ते १२ पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आत ठेवा. जास्त केलात तर चवीत सोड्यासारखी बोचरी आंबट धार येते.

भरून घेण्याआधी एक घोट चाखायला मागा. घरी पोचल्यावर दोष सापडला तर तो बाटलीचा की टॅपचा हे कळत नाही. पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा वास आणि जिभेवर तेलकटपणा म्हणजे डायअसिटिल: एकतर यीस्टला काम पूर्ण करू दिलेलं नाही, किंवा टॅपच्या नळ्या अस्वच्छ आहेत. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे वर्ट, आंबवण्याआधीचा धान्याचा गोड काढा, नीट उकळलेला नाही. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कोवळी आहे, टाकीतून लवकर काढली. व्हिनेगरची आंबटाई बहुधा नळ्यांतली. त्या साधारण दोन आठवड्यांनी कॉस्टिकच्या द्रावणाने धुवायच्या असतात. यातलं काहीही ग्राउलरमध्ये सुधारत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र प्राणवायूचा. चाखताना नव्हता आणि घरी आला, तर भरण्यात चूक झाली.

कोणती बिअर न्यायची, यात गेल्या काही वर्षांत बदललेली आवडही तपासली जाते. २००९ मध्ये पुण्यात डूलाली या मायक्रोब्रुअरीने सुरुवात केली, २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या डोंबिवलीत गेटवे ब्रूइंग उभी राहिली, २०१५ मध्ये बिरा ९१ बाटलीतून आली. स्ट्राँग लागरवर वाढलेल्या पिणाऱ्याला गव्हाच्या बिअरने हात धरून आत आणलं. मग भरपूर हॉप्सची कडवट आयपीए (इंडिया पेल एल) आली, तिच्यामागून गढूळ, रसाळ हेझी आयपीए. आता जाणकार टेबलांवर पुन्हा स्वच्छ लागर, पिल्सनर आणि कोकमासारखी आंबट बिअर दिसू लागली आहे. ग्राउलरच्या कसोटीवर ही वाट अगदी योग्य ठरते.

हेझी आयपीए सगळ्यांत वाईट प्रवासी. तिच्यात ओट्स आणि गव्हाची प्रथिनं भरपूर, सिट्रा आणि मोझेकसारख्या हॉप्सचं तेल भरपूर, आणि हे सगळं प्राणवायूला हपापलेलं. नळीने भरलेल्या बाटलीत दुसऱ्या दिवशी रंग आंब्याच्या रसावरून मळकट तपकिरीकडे सरकतो. संत्र्याचा, पेरूचा वास बसतो आणि मधासारखा जड गोडवा वर येतो. हा प्रकार आणायचाच असेल तर दाबाखाली भरलेला आणा आणि त्याच रात्री संपवा. बाटली काचेची असो वा स्टीलची, प्लॅस्टिकची मात्र नको: प्लॅस्टिकच्या भिंतीतूनही थोडा प्राणवायू आत येतो. गाळलेली, स्वच्छ, कडवट वेस्ट कोस्ट आयपीए एक रात्र जास्त सोसते. तिखट रश्श्याबरोबर मात्र ती घेऊ नका, कडवटपणा तिखटाची आग वाढवतो.

लागरने तिन्ही बाटल्यांत मान राखला. पिल्सनर ही लागरच, १८४२ मध्ये बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) प्लझेनमध्ये जन्मली आणि आजही ब्रुअरचा कस लावते, कारण तिच्यात दोष लपायला जागाच नाही. ९ ते १३ अंशांवर आंबवणं, मग शून्याच्या आसपास चार-सहा आठवडे मुरवणं. गव्हाची बिअर दोन आठवड्यांत टाकी मोकळी करते, म्हणून छोट्या ब्रुअरींनी लागरला इतकी वर्षं टाळलं. टाकी महिनाभर अडवून चांगली पिल्सनर लावणाऱ्या ठिकाणाला पैसे द्यावेत असं मनापासून वाटतं. दुसऱ्या दिवशी तिचा फेस थोडा उतरतो, पण ब्रेडच्या कडेसारखी धान्याची चव आणि साझ हॉप्सचा गवती वास शाबूत असतो. ४ ते ६ अंशांवर प्या. कोथिंबीर वडीबरोबर ती अगदी जमते.

गव्हाच्या हेफेवायझनला गॅस जास्त लागतो, त्यामुळे खटक्याच्या झाकणाचं रबर जुनं असेल तर तीच आधी मरते. केळ्या-लवंगेचा वास यीस्टचा असतो आणि ते यीस्ट तळाशी बसतं. शेवटचा पाव भाग उरला की बाटली हलकेच गोल फिरवून मग ओता.

कोकम गोझे ही आपल्या किनाऱ्याची बिअर वाटते. गोझे मुळात जर्मन, मीठ आणि धणे घातलेली, लॅक्टोबॅसिलस या दह्यातल्यासारख्या जंतूंनी आंबट केलेली. तिची आम्लता बऱ्याच जंतूंना रोखते आणि थोडा गॅस गेला तरी आंबट-खारट चव बिअरला सावरून धरते. प्लॅस्टिकच्या बाटलीतही दोन दिवस उत्तम. तळलेल्या बोंबलाबरोबर घ्या आणि वर लिंबू पिळू नका.

नायट्रो स्टाउट, म्हणजे नायट्रोजनच्या दाबावर दिली जाणारी काळी बिअर, भरून घेऊच नका. तो मलईदार फेस टॅपमधल्या बारीक भोकांच्या चकतीतून दाबाने येतो. नायट्रोजन बिअरमध्ये जेमतेम विरघळतो, त्यामुळे बाटलीत काळं, सपाट पाणी उरतं. साधी कार्बन डायऑक्साइडवरची स्टाउट आणा, ८ ते १२ अंशांवर प्या.

बाटली रिकामी झाली की तेव्हाच धुवा. भांड्यांचा साबण वापरू नका, त्याचा थर फेस मारतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, अर्धा तास, लांब ब्रश, मग तीन वेळा साधं पाणी. प्लॅस्टिकमध्ये उकळतं पाणी घालू नका, ते वाकडं होतं. तळाशी पांढरट थर धरला तर लिंबूसत्व घातलेलं पाणी. पावसाळ्यात झाकणाच्या रबराखाली बुरशी धरते. रबर काढून, दोन्ही पुसून, बाटली उघडी आणि उलटी वाळवा. सुट्टं रबर मिळतं का ते बाटली घेतानाच विचारा. रबर मिळत नसेल तर खटक्याची बाटली वर्षाभरात शोभेची होते.

नेताना बाटली बंद आणि डिकीत, सोबत पिण्याचा परवाना, आणि वय २१ पूर्ण. भरल्यानंतर गाडी चालवणाऱ्याने चाखण्यापलीकडे काही घेऊ नये.

दोघांसाठी दोन लिटरची स्टीलची घेऊ नका. एकदा उघडली की प्रत्येक वेळी झाकण काढताना गॅस जातो आणि शेवटचा अर्धा लिटर कोणालाच नको असतो. एक लिटरच्या दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या, एकीत पिल्सनर, दुसरीत कोकम गोझे. चौघं-पाच जण असतील आणि त्याच बैठकीत संपणार असेल, तेव्हा रात्रभर थंड केलेली स्टीलची काढा.