'एंडलर'च्या पिशवीत नक्की काय येतं?

शोभेच्या माशांच्या दुकानात 'एंडलर' म्हणून मिळणारा छोटा मासा बऱ्याचदा गप्पी या त्याच्या जवळच्या नात्यातल्या माशाशी झालेला क्रॉस, म्हणजे संकर, असतो. टाकीत छान दिसतो, टणकही असतो; पण त्यासाठी गप्पीपेक्षा जास्त पैसे मोजू नयेत.

खरा एंडलर व्हेनेझुएलातल्या कुमाना-कांपोमा भागातला. जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी १९७५ साली तो कुमानाच्या लागुना दे पातोसमधून गोळा केला आणि २००५ मध्ये त्याचं पोइसिलिया विंगेई असं शास्त्रीय नामकरण झालं. नर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. अंगावर केशरी, काळे, चमकते हिरवे डाग, आणि एकाच तळ्यातल्या दोन नरांचे डागसुद्धा जुळत नाहीत. त्यामुळे पिशवीतले सगळे नर शिक्का मारल्यासारखे एकसारखे असतील, तर ती माणसाने निवडून जोपासलेली लाइन, म्हणजे वंश, समजावी. (त्रिनिदादच्या ओढ्यांत शिकारी मासे जास्त तिथे नर गप्पी फिके, शिकारी कमी तिथे भडक, हे दाखवणारे एंडलर हेच.)

नर तीन सेंटिमीटरच्या वर, शेपूट पंख्यासारखी किंवा मादीच्या शेपटीवर रंग दिसला, की क्रॉस धरून चालावं. या खुणा नसल्या म्हणून मासा शुद्ध ठरत नाही, कारण क्रॉसची पिल्लंही प्रजननक्षम असतात आणि काही पिढ्यांत गप्पीचा अंश नजरेला दिसेनासा होऊ शकतो. शौकीन म्हणूनच 'एन', 'पी', 'के' असे वर्ग लावतात: मूळ ठिकाणाची नोंद असलेला 'एन', नुसता दिसायला एंडलर तो 'पी', उघड क्रॉस तो 'के'. नोंद न दाखवता 'एन'चा भाव सांगणाऱ्याला सरळ नाही म्हणावं.

खरी गोची मादीची. ती नराचं शुक्र काही महिने साठवून ठेवते. दुकानात गप्पींसोबत राहिलेली मादी घरी शुद्ध नराबरोबर ठेवली तरी क्रॉस पिल्लं देत राहू शकते. लाइन जपायची तर नर-मादी ओळखू येताच, साधारण तीन-चार आठवड्यांत, नर आणि मादी पिल्लं एकमेकांपासून वेगळी करावीत.

चाळीस लिटरच्या टाकीत तीन नर, सहा माद्या, स्पंज फिल्टर आणि भरपूर जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळ) पुरे. तापमान २४ ते २८ अंश. पाणी जड, म्हणजे क्षारांचं, लागतं. मुंबईसारखं मऊ पाणी असेल तर फिल्टरमध्ये मूठभर कोरलचा चुरा घालावा. झाकण हवंच, हे मासे उड्या मारतात. जास्तीची पिल्लं नाल्यात किंवा तळ्यात सोडू नयेत.