घरगुती जलयंत्रासाठी ‘वॉटरप्रूफ’ सुटे भाग: कोणते घ्यावेत, कोणते टाळावेत

पाण्याखाली कॅमेरा घेऊन फिरणारे छोटे यंत्र घरी बांधण्यासाठी ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकले जाणारे बरेच भाग वापरून पाहिल्यावर माझे स्पष्ट मत झाले आहे की, किती खोलीवर आणि किती वेळ हे ज्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले नाही, तो भाग घेऊच नये. आयपी ६७ (धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचे मानांकन) म्हणजे १ मीटर खोलीपर्यंत ३० मिनिटे, एवढेच. आयपी ६८ त्याहून कडक असले तरी त्यातली खोली आणि वेळ उत्पादक ठरवतो; त्यामुळे हेच मानांकन छापलेले दोन कनेक्टर प्रत्यक्षात अगदी वेगळ्या कुवतीचे असू शकतात. दर १० मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो, हे लक्षात ठेवूनच निवड करावी.

खरा घोळ केबलपाशी होतो. केबल ग्लँड, म्हणजे सर्किटच्या बंद डब्यात केबल शिरते तिथे तिला आवळणारा भाग, स्वस्त आणि बसवायला सोपा असतो, उथळ पाण्यात चालतोही. पण तो फक्त बाहेरचे आवरण आवळतो. त्या आवरणाला कुठे बारीकशी चीर गेली, की पाणी आतल्या तांब्याच्या तंतूंमधल्या फटींतून सरकत थेट डब्यात पोहोचते आणि ग्लँड शाबूत असूनही सर्किट भिजते. म्हणून मी पोकळ बोल्टमध्ये इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारा गोंद) ओतून केबल कायमची बंद करण्याची पद्धत अधिक भरवशाची मानतो. बोल्टच्या आत प्रत्येक तारेचा छोटासा भाग सोलून त्यात सोल्डर मुरवावे, म्हणजे तंतूंमधली वाट बुजते. उघडे भाग एकमेकांना टेकू देऊ नयेत. इपॉक्सी सावकाश घट्ट होणारे घ्यावे, कारण त्यातले हवेचे बुडबुडे वर यायला वेळ मिळतो. पीव्हीसीपेक्षा पॉलियुरेथेनच्या आवरणाला ते चांगले धरते, तरीही आवरण पॉलिशपेपरने खरवडून घेणे आवश्यक आहे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन मात्र तांब्याजवळ लावू नये; त्यातून सुटणारे आम्ल तांबे गंजवते.

मोटर ब्रशलेसच (आत घासणारे ब्रश नसलेली) घ्यावी. तिच्या वेटोळ्यांवर वार्निशचा थर असल्याने ती पाण्यात उघडी चालू शकते, परंतु खाऱ्या पाण्यात बेअरिंग आणि चुंबक गंजतात, म्हणून प्रत्येक वापरानंतर ती गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी. मोटरचा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर कोरड्या डब्यातच राहू द्यावा.

सेन्सरांपैकी खोली मोजण्यासाठी एमएस५८३७-३०बीए मला मनापासून आवडला: जेलने झाकलेला, ३० बारपर्यंतचा (१ बार म्हणजे साधारण एक वातावरण) दाब मोजणारा, आणि पाण्याच्या पातळीतला काही मिलिमीटरचा फरकही टिपणारा. याउलट स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० तापमापक दिसतो मजबूत, पण केबल जिथे नळीत शिरते ते तोंड पुष्कळदा नुसत्या हीटश्रिंकने (गरम केल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीने) झाकलेले असते. ते इपॉक्सीने पुन्हा बंद केल्याशिवाय तो फार काळ पाण्यात ठेवू नये. ‘वॉटरप्रूफ’ सर्वो (ठरावीक कोनात फिरणाऱ्या मोटरी) बहुतेक वेळा शिंतोड्यांपुरतेच असतात, ते टाळावेत.

या सगळ्या खरेदीत हवा काढण्याचा छोटा व्हॉल्व्ह आणि गेज असलेला हातपंप अवश्य धरावा. डब्यातली हवा थोडी ओढून घेऊन १५ मिनिटे गेजचा काटा पाहिला, की एखादी ओ-रिंग (फट बंद करणारी रबरी कडी) नीट बसलेली नसेल तर ते यंत्र पाण्यात सोडण्याआधीच कळते.