डिझेल कॅम्पर व्हॅन : १२०, १४० की १८० अश्वशक्ती?

कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली व्हॅन, घेताना पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी यांवर महिनाभर खल होतो. इंजिनाचा निर्णय मात्र माहितीपत्रकातल्या एका आकड्यावर उरकतो. प्रत्यक्षात तो आकडा गाडीबद्दल फार थोडं सांगतो. गाडी भरल्यावर किती जड होते आणि इंजिनामागे कोणता गिअरबॉक्स आहे, हे त्याहून महत्त्वाचं. आमचं मत आधीच सांगतो : मधलं इंजिन बहुतेकांना पुरतं. सर्वांत मोठं घ्यायचंच असेल तर ऑटोमॅटिकसह घ्यावं, नाहीतर जास्तीच्या पैशाचा मोबदला रस्त्यावर क्वचितच दिसतो.

उदाहरण म्हणून फियाट डुकाटो घेऊ. युरोपातल्या मोठ्या कॅम्परांपैकी कितीतरी याच सांगाड्यावर उभ्या असतात. २०२१ पासूनच्या २.२ लिटर इंजिनाच्या तीन शक्ती पाहू.

| अश्वशक्ती | १२० | १४० | १८० |
|---|---|---|---|
| किलोवॅट | ८८ | १०३ | १३२ |
| टॉर्क, मॅन्युअल (न्यूटन-मीटर) | ३२० | ३५० | ३८० |
| टॉर्क, ऑटोमॅटिक (न्यूटन-मीटर) | – | ३८० | ४५० |
| १८०० फेऱ्यांवर मिळणारी अश्वशक्ती, मॅन्युअल | ८२ | ९० | ९७ |
| ६ टक्के चढावर टिकणारा वेग (किमी/तास) | ९० | १०० | ११५ |

टॉर्क म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ओढ आणि फेऱ्या म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या. शेवटच्या दोन ओळी हिशोबाच्या आहेत. १८०० फेऱ्यांवर इंजिन पूर्ण टॉर्क देतं असं धरलं आहे. चढाच्या ओळीत गाडी ३.५ टन, समोरचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.४, टायरचा विरोध वजनाच्या १ टक्का आणि इंजिनापासून चाकापर्यंत १० टक्के गळती धरली आहे. तेच गणित सपाट रस्त्यावर मांडलं तर ताशी १०० किलोमीटरला साधारण ५३ अश्वशक्ती लागते आणि १३० ला सुमारे १०४. म्हणजे शंभरच्या वेगाने सपाटीवर चालताना १२० वाल्याचं निम्म्याहून अधिक इंजिन रिकामं बसलेलं असतं आणि १८० वाल्याचं सत्तर टक्के. तिथे या दोन गाड्यांत काहीच फरक जाणवत नाही.

फरक पडतो तो चढावर, पण तिथेही तक्त्यातला वेग गाठायला इंजिन ३५०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे कमाल शक्तीच्या जागी ठेवावं लागतं. कॅम्परमध्ये ताटवाट्या खुळखुळत असताना आणि मागे कुणी झोपलेलं असताना तसं कुणी चालवत नाही. बहुतेक जण १८०० ते २२०० मध्ये राहतात. म्हणूनच चौथी ओळ मोलाची. मॅन्युअलमध्ये १२० आणि १८० या इंजिनांत कागदावर साठाचा फरक, पण १८०० फेऱ्यांवर तो जेमतेम पंधराचा. १८० ऑटोमॅटिक घेतलं की मात्र त्याच फेऱ्यांवर ११५ मिळतात. आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही : १४० ऑटोमॅटिक आणि १८० मॅन्युअल यांचा टॉर्क सारखाच, ३८०. मंद, जड चढावर ही दोन्ही सारखीच ओढतात. दोन्हींची किंमत जवळपास असेल तर आम्ही १४० ऑटोमॅटिक उचलू.

हा हिशोब समुद्रसपाटीचा आहे. २००० मीटर उंचीवर हवा साधारण २० टक्के विरळ असते. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, त्यातली बरीच तूट भरून काढतो, पण त्यासाठी तो जास्त वेगाने फिरतो आणि कमी फेऱ्यांवर दाब तयार व्हायला वेळ लागतो. घाटाच्या वळणातून बाहेर पडताना गाडी क्षणभर मेल्यासारखी वाटते ती याचमुळे. खालचा गिअर थोडा आधी टाकला की हे टळतं.

आता गिअरबॉक्स. जड मॅन्युअल व्हॅनची खरी दुखरी जागा म्हणजे चढावर रिव्हर्स घेणं. रिव्हर्सचं गुणोत्तर पुरेसं खाली नसेल तर क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो, आणि ३.५ टनांखाली असा क्लच एका मिनिटात जळका वास देतो. डोंगरावरच्या मुक्कामाच्या जागी, ओल्या गवतात, हे वारंवार घडतं. टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून ओढ पोचवणारा) ऑटोमॅटिक इथे निर्विवाद सरस, कारण घसरण क्लचच्या पातीवर न होता तेलात होते. ती उष्णता तेलाचा कूलर बाहेर टाकतो. ड्युअल क्लच बॉक्स, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, रस्त्यावर झकास, पण इंच-इंच सरकताना त्याचाही क्लच तापतो. जुन्या काही गाड्यांत एकाच क्लचचा रोबोटाइज्ड बॉक्स असतो, त्यात क्लच पायाऐवजी यंत्र दाबतं. तो दिसायला ऑटोमॅटिक, वागायला मॅन्युअल, आणि चढावर रिव्हर्स घेताना दोन्हींपेक्षा वाईट. ऑटोमॅटिकचं वजन मॅन्युअलपेक्षा जास्त असतं आणि ते थेट सामानाच्या वाट्यातून वजा होतं. ३.५ टनांच्या मर्यादेत बसणाऱ्या गाडीत १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो, त्यावर माणसं, सायकली, बाजूला उलगडणारं छत. म्हणून नोंदणीच्या कागदावरचं रिकामं वजन प्रत्येक प्रकारासाठी वेगळं पाहावं.

लहान व्हॅनचं गणित वेगळं. फोक्सवॅगन टी६.१ मध्ये दोन लिटर डिझेल ११०, १५० आणि २०४ अशा शक्तींत होतं, टॉर्क अनुक्रमे २५०, ३४० आणि ४५०. भरलेली गाडी २.९ टन धरली तर ११० मध्ये टनामागे ३८ अश्वशक्ती पडते. ३.५ टनांची १४० ची डुकाटो देते ४०. आकडे जवळचे, तरी चालवताना ११० जास्त धापा टाकते, कारण टनामागे टॉर्क ८६ विरुद्ध १०० आहे आणि गिअर पाचच. पाच गिअरांत दोन गिअरांमधलं अंतर मोठं पडतं. तिसऱ्यात इंजिन किंचाळतं, चौथ्यात दम सोडतं आणि चढाला हवा तो गिअर मधे कुठेतरी हरवलेला असतो. १५० मध्ये सहा गिअर किंवा सात गिअरांचा डीएसजी (फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच बॉक्स), शिवाय चारही चाकांना ओढ देणाऱ्या ड्राइव्हचा पर्याय. या गाडीत ११० आणि १५० यांतला फरक चाळीस अश्वशक्तींपेक्षा बराच मोठा आहे. १५० हीच आमची निवड. २०४ ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी किंवा वर्षभर डोंगरात राहणाऱ्यांसाठी. त्यात दोन टर्बो, म्हणजे बिघडायला एक जास्त. डीएसजीचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं, हा खर्च आधीच धरून ठेवावा.

इंधनाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकाच वेगाने चालवलं तर तिन्ही इंजिनांचा खर्च जवळपास सारखा येतो, कारण रस्ता आणि हवा तेवढंच काम मागतात. खर्च वाढतो तो वेगाने. शंभरवरून १३० वर गेलं की लागणारी शक्ती जवळपास दुप्पट होते. मोठं इंजिन फक्त तो मोह सोपा करतं.

मग लहान इंजिन घेऊन सॉफ्टवेअर बदलून शक्ती वाढवली तर? इंजिन एकच असलं तरी भोवतालचे भाग बहुधा एक नसतात. टर्बो, इंजेक्टर, क्लच, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं जड चाक), कधी रेडिएटर आणि ब्रेकही वेगळे असतात. २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेल्या पाच गिअरांच्या बॉक्सवर ३४० टाकले तर आधी क्लच घसरतो, मग फ्लायव्हील खडखडतं. भरलेल्या कॅम्परमध्ये हे रिकाम्या व्हॅनपेक्षा लवकर होतं. त्यातून विम्याला कळवलं नसेल तर अपघातानंतरचा दावाही अडकू शकतो.

वापर कसा आहे हेही पाहा. गाडी आठवडाभर बाजारहाटाला आणि वर्षातून दोनदा प्रवासाला जात असेल तर कुठलीही शक्ती घ्या, अडचण डीपीएफची, म्हणजे एक्झॉस्टमधल्या काजळीच्या गाळणीची, येणार. त्यातली काजळी जाळायला एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो आणि छोट्या फेऱ्यांत ते घडतच नाही. जळणं अर्धवट राहिलं की जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. तसं दिसलं तर तेल लगेच बदलावं. अधूनमधून अर्धा तास महामार्गावर सलग चालवणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. गाडी थंडीत उभी राहणार असेल तर अॅडब्लू (एक्झॉस्ट स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) उणे ११ अंशांना गोठतं हेही ध्यानात ठेवावं.

वापरलेली गाडी पाहताना शक्तीचा आकडा आणखी जपून वाचावा. फोक्सवॅगन टी५ मधलं २००९ ते २०१५ चं १८० अश्वशक्तीचं दोन टर्बोंचं इंजिन, कोड सीएफसीए, तेल पिण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला एक्झॉस्ट थंड करणारा भाग) आतून झिजतो, त्याचे कण सिलिंडरमध्ये जाऊन भिंती खरवडतात. अशी गाडी घ्यायचीच असेल तर तेल वरच्या खुणेपर्यंत भरून १००० किलोमीटर चालवून मोजण्याची अट घाला, आणि कूलर बदलल्याची पावती मागा. क्लच तपासायला कुठलीही मॅन्युअल व्हॅन वरच्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांवर आणा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्यांचा काटा वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर नवा क्लच आणि बहुधा फ्लायव्हीलही किमतीतून वळतं करून घ्या. ही चाचणी टाक्या भरून, तीन-चार माणसं बसवूनच करावी. रिकाम्या गाडीत घसरणारा क्लचही चांगला वाटतो.